अवॉर्ड मिळालं का, आणि फिल्म पाहिली कुणी

शॉर्टफिल्म केलीये असं सांगितलं की समोरून पहिला प्रश्न येतो कशावर आहे, आणि दुसरा लगेच, अवॉर्ड वगैरे मिळालं का? युट्युबवर आहे का हा तिसरा. मी पटकथा लिहिते. दिवसा एका ई-लर्निंग कंपनीत शाळेतल्या मुलांसाठी विज्ञानाचे धडे लिहायचं काम आहे, घर त्यावर चालतं, आणि पहाटे पाच ते सात हा माझा स्वतःचा वेळ, त्यात पटकथा. आत्तापर्यंत जे काही लिहिलं त्यातलं मोजकंच पडद्यावर आलंय आणि ते सगळं शॉर्टफिल्ममध्येच आलंय. त्यामुळे या दुसऱ्या प्रश्नाबद्दल माझं जे मत तयार झालंय ते एकदा नीट लिहून काढायचं होतं, कारण पुण्यात माझ्या आजूबाजूला हे करणारी खूप पोरंपोरी आहेत आणि बऱ्याच जणांचे पैसे आणि उमेद दोन्ही एकाच भोकातून गळतायत.

आधी लॉरेलबद्दल बोलू. पोस्टरच्या वर ती दोन गव्हाच्या ओंब्यांसारखी पानं असतात आणि मधे लिहिलेलं असतं ऑफिशियल सिलेक्शन किंवा विनर किंवा सेमी फायनलिस्ट. आता बहुतेक एंट्र्या फिल्मफ्रीवेवरून जातात. २०१४ साली ती साइट आली, त्याआधी विदाउटअबॉक्स होतं, ते २०१९ मध्ये बंद झालं. एकदा फिल्मचं पान बनवलं की जगभरातल्या हजारो फेस्टिवलना एका क्लिकवर पाठवता येतं, आणि ही खरंच मोठी गोष्ट आहे, पूर्वी डीव्हीडी कुरिअर करायला लागायच्या, कस्टमचं भरायला लागायचं. पण एका क्लिकवर पाठवता येतं म्हणजे एका क्लिकवर पैसेही जातात. अर्ली बर्ड, रेग्युलर, लेट, एक्सटेंडेड अशा डेडलाइन असतात आणि प्रत्येक पायरीला फी चढत जाते. पंचवीस-तीस डॉलर म्हणजे आपल्याकडचे दोन-अडीच हजार रुपये. त्यात काही ठिकाणी प्रत्येक कॅटेगरीची फी वेगळी, म्हणजे बेस्ट शॉर्ट वेगळं, बेस्ट स्क्रीनप्ले वेगळं, बेस्ट फर्स्ट टाइम डायरेक्टर वेगळं.

आमची फिल्म अशाच एका महिन्याच्या महिन्याला निकाल लावणाऱ्या ऑनलाइन स्पर्धेत पाठवली होती. नाव लिहित नाही, अशी शेकड्याने आहेत. निकालाचं मेल आलं, बेस्ट स्क्रीनप्ले, माझं नाव. मी ऑफिसच्या जिन्यात उभी राहून ते मेल परत परत वाचलं. खाली लिंक होती, सर्टिफिकेट पीडीएफमध्ये फुकट, ट्रॉफी हवी असेल तर एवढे डॉलर, शिपिंग वेगळं. मी त्यांना लिहिलं की ज्युरीत कोण होतं, आणि पटकथेबद्दल त्यांचं काय म्हणणं होतं, दोन ओळी मिळाल्या तर बरं होईल. उत्तर आलं ते ट्रॉफीच्या डिस्काउंटचं. मग मी आमच्या फिल्मच्या प्रायव्हेट लिंकचा रेकॉर्ड काढून बघितला, लिंक कधी आणि किती वेळ चालली ते त्यात दिसतं, आणि त्या महिन्यात कुणीही ती फिल्म शेवटपर्यंत पाहिलेली नव्हती. अकरा मिनिटांची फिल्म आहे. जिच्या पटकथेला सर्वोत्कृष्ट म्हटलं तिचा शेवट त्यांनी बघितलाच नाही, आणि माझ्या पटकथेत जे काही आहे ते शेवटच्या अडीच मिनिटांत आहे.

यावर माझं आणि आमच्या डायरेक्टरचं बरंच बोलणं झालं. तो म्हणाला, "अगं, उद्या कुणाकडे पैसे मागायला गेलो तर पोस्टर कोरं दिसून चालत नाही, समोरचा माणूस फिल्म बघणारच नाहीये, तो पोस्टर बघणारे." त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे हे मला मान्य आहे. पैसे देणाऱ्या माणसाकडे पाच मिनिटं असतात. नातेवाइकांना, कॉलनीतल्या लोकांना, पेपरातल्या छोट्या बातमीला, सगळ्यांना तो शिक्का लागतो, आणि डायरेक्टरला पुढची फिल्म उभी करायची असते. पण लेखकाला त्यातून काहीच मिळत नाही. कुठला सीन पोचला, कुठे माणूस कंटाळला, कुठला संवाद जास्तीचा होता, हे कळल्याशिवाय मी पुढचं कसं लिहू? मला वाचलेलं, पाहिलेलं, त्यावर विचार केलेलं हवंय. मग त्यात नापसंती असली तरी चालेल.

म्हणून आता आम्ही फिल्म पाठवायच्या आधी काही गोष्टी बघतो. हॉलमध्ये खरंच स्क्रीनिंग होतं का, आणि गेल्या वर्षीचं वेळापत्रक, तारीख-वार-थिएटरसकट, कुठे सापडतंय का. ज्युरीतल्या माणसांनी स्वतः काय केलंय. वर्षातून एकदा होतं की दर महिन्याला. एकाच फेरीत कितीतरी विनर जाहीर होतात का, कारण जिथे सगळेच जिंकतात तिथे निवड झालेलीच नसते. आणि फेस्टिवल ज्या गावात आहे त्या गावातल्या लोकांना ते माहिती आहे का, हे मी फार मानते. केरळमध्ये तिरुवनंतपुरमला आयडीएसएफएफके होतं, २००८ पासून, राज्य सरकारची चलच्चित्र अकादमी ते करते, डॉक्युमेंटरी आणि शॉर्टफिल्मसाठीच. तिथे कॉलेजची पोरं, निवृत्त शिक्षक, पक्षाचे कार्यकर्ते असे सगळे रांग लावून शॉर्टफिल्म बघतात. आपल्या मुंबईत मिफ आहे, १९९० पासून दर दोन वर्षांनी, फिल्म्स डिव्हिजनने सुरू केलेलं, डॉक्युमेंटरी, शॉर्ट आणि अ‍ॅनिमेशन, त्याचे सुवर्ण शंख आणि रौप्य शंख यांना खरंच वजन आहे. बंगळुरूचं शॉर्टफिल्म फेस्टिवल ऑस्करच्या पात्रता यादीत आहे, म्हणजे तिथे ठरावीक बक्षीस मिळालं तर फिल्म ऑस्करच्या शॉर्ट विभागासाठी पात्र धरतात. धरमशालाला २०१२ पासून चालू असलेलं छोटंसं पण फार मनापासून केलेलं फेस्टिवल आहे. आणि बाहेर जर्मनीत ओबरहाउझेन १९५४ पासून, फ्रान्समध्ये क्लेर्मों-फेरां, तिथे तर थंडीत सगळं शहर शॉर्टफिल्मसाठी घराबाहेर पडतं. इथून रिजेक्शन आलं तरी मला त्याचं वाईट वाटत नाही असं नाही, वाटतंच, दिवसभर जेवण जात नाही, पण त्या नकाराला अर्थ असतो. कुणीतरी बघून नाही म्हटलेलं असतं.

याच्याशी जोडून लांबीचा मुद्दा. लेखकाला सुरुवातीलाच माहिती असावं म्हणून सांगते. ऑस्करच्या नियमात शॉर्ट म्हणजे नावांच्या पाटीसकट ४० मिनिटांपर्यंत, फ्रान्समधल्या कान फेस्टिवलच्या शॉर्टफिल्म स्पर्धेत १५ मिनिटं. आणि साधारण कुठल्याही फेस्टिवलला शॉर्टफिल्मचा एक गठ्ठा लावायचा असतो, दीड तासाचा वगैरे, त्यात सहा-सात फिल्म्स बसवायच्या असतात. अठ्ठावीस मिनिटांची फिल्म घेतली म्हणजे दोघांची जागा गेली, मग ती तेवढी जबरदस्त असायला लागते. त्यामुळे पटकथा पंधरा पानांची की पंचवीस पानांची हा निर्णय लिहिताना घेतला जातो आणि त्याचे परिणाम दीड वर्षाने कळतात. आता पानं म्हटलं तर त्यातही गंमत आहे, एक पान म्हणजे एक मिनिट हा हिशोब इंग्रजीतल्या कुरिअर फॉन्टच्या बारा पॉइंटावर बसलेला आहे, देवनागरीत तो बसत नाही. मात्रा-वेलांट्यांमुळे ओळींमधली जागा जास्त लागते, संवाद लांब दिसतात, आणि बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं फुटतात. मी आता स्क्राइट वापरते, ते बंगळुरूच्या लोकांनी बनवलंय, भारतीय भाषांचा विचार करून, त्यात मराठी नीट लिहिता येतं. तरी वेळ मोजायचा तर मी सीन मोठ्याने वाचून मोबाइलवर स्टॉपवॉच लावते, हालचालीसकट, म्हणजे माणूस उठला, दारापर्यंत गेला, कडी काढली, हे सगळं करून. घरात आईला वाटतं मी नाटकाची तालीम करतीये.

नाटकाचं आलंच म्हणून सांगते. माझ्यासारखे बरेच जण एकांकिकेतून इकडे आलेत. पुरुषोत्तम करंडक १९६३ पासून चालू आहे आणि पुण्यात कॉलेजात असलेल्या लिहिणाऱ्या मुलामुलीला भरत नाट्य मंदिरच्या त्या स्टेजवर आपली वाक्यं ऐकायला मिळणं याच्याएवढं शिक्षण कुठे नाही. समोर गच्च भरलेलं प्रेक्षागृह, आवडलं तर शिट्ट्या, नाही आवडलं तर कुजबुज, दोन्ही त्याच क्षणी कळतं. तिथून येणाऱ्यांच्या कानाला संवाद बसलेला असतो, पण शॉर्टफिल्मला आधी डोळा लागतो. आणि तो डोळा कसा येतो ते मला बार्शीत शूट करताना कळलं, ते जरा सविस्तर सांगते.

आमच्या फिल्मची गोष्ट अशी. तालुक्याच्या गावातला टेलर. एका बाईने ब्लाउज शिवायला टाकलेला, शिवून तयार आहे, पण न्यायच्या आधी ती बाई वारली. काही महिन्यांनी तिची मुलगी दुकानात येते, कॉलेजातली, आणि म्हणते हा माझ्या मापाचा करून द्या. बस, एवढंच. माझ्या ड्राफ्टमध्ये टेलरला दीड पानाचं बोलणं होतं, तिच्या आईबद्दल, ती कशी यायची, काय बोलायची, वगैरे. वाचनाला ते सगळ्यांना आवडलं होतं. शूटिंग आम्ही बार्शीतल्या खऱ्या टेलरच्या दुकानात केलं, माझं गावच बार्शी, काका ओळखीचे, सुट्टीच्या वारी त्यांनी दुकान दिलं. तिथे बसल्यावर आमच्या नटाने, ते तिथलेच हौशी रंगभूमीवर काम करणारे, काकांना विचारलं की ब्लाउज मोठ्या मापाचा छोटा करताना आधी काय करता. काकांनी ब्लाउज उलटा केला, शिवणीत बोट घातलं आणि दाखवलं की आत माया, म्हणजे दाबलेलं जास्तीचं कापड, किती सोडलीये. मग ब्लेडच्या टोकाने एक-एक टाका उसवायला लागले. म्हणाले, आधी सगळं उसवायचं, घाई केली तर कापड फाटतं. मग मापाचं बुक काढलं, एका पानावर नाव आणि आकडे, खाली नवीन आकडे लिहायला जागा.

मी आणि डायरेक्टर एकमेकांकडे बघत राहिलो. ते दीड पान तिथेच गेलं. मी दुकानाच्या पायरीवर बसून सीन परत लिहिला, त्यात टेलर फक्त तीन वेळा बोलतो. तिन्ही वेळा मापाबद्दल. हात उंच कर, श्वास सोड, आणि एक आकडा. मुलीचं माप घेतो आणि आईच्या आकड्यांच्या खाली लिहितो, नाव नवीन लिहित नाही. मग उसवायला घेतो. बाहेर एसटी स्टँडचा रस्ता, हॉर्न सारखे, साउंडवाला मित्र वैतागलेला कारण आम्ही सिंक साउंड, म्हणजे शूटच्या वेळीच जागेवरचा आवाज घेत होतो आणि पंखा पण बंद ठेवायला लागत होता, मे महिन्यातली बार्शी, सगळे घामाने निथळत होते. पण त्या टाके उसवण्याचा आवाज त्याने इतक्या जवळून घेतला की पुढे एडिटमध्ये म्युझिक लावायची गरजच पडली नाही. हा सीन माझा आहे, आणि काकांचाही आहे, नटाचाही आहे, साउंडचाही आहे, आणि तरी तो लिहिलेला सीन आहे असं माझं ठाम म्हणणं आहे. शॉर्टफिल्मच्या लेखकाने सेटवर असायला पाहिजे, आणि नंतर एडिटच्या टेबलावरही एकदा बसायला पाहिजे. पैसे कमी, दिवस कमी, जागा उधारीची, त्यामुळे कागदावरचं तसंच्या तसं होणं शक्यच नसतं, मग बदल करायचाच आहे तर तो लेखकाने केलेला बरा.

पण मग श्रेय. शॉर्टफिल्ममध्ये बहुतेक वेळा डायरेक्टर स्वतःच लिहितो, त्यामुळे वेगळा लेखक असू शकतो ही सवयच कुणाला नाही. स्मरणिकेत फिल्मच्या नावाखाली डायरेक्टरचं नाव, सर्टिफिकेटवर डायरेक्टरचं नाव, स्टेजवर बोलावणं डायरेक्टरला. आमचा डायरेक्टर चांगला आहे, तो मला हाताला धरून वर नेतो. सगळ्यांचे नसतात. मोठ्या सिनेमात पटकथेचा मान जुना आहे, विजय तेंडुलकरांना 'मंथन'साठी पटकथेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता. पण शॉर्टफिल्मच्या जगात पटकथेला वेगळा मान मिळणं कमीच. ७०व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत, २०२४ मध्ये जाहीर झाले ते, नॉन-फीचर, म्हणजे शॉर्टफिल्म-डॉक्युमेंटरीच्या विभागात बेस्ट स्क्रिप्ट हा पुरस्कार दिला गेला आणि ती बातमी वाचून मला खरंच आनंद झाला होता. दहा-पंधरा मिनिटांच्या फिल्मलाही लिहिणारं माणूस असतं हे सरकारी कागदावर आलं.

तोवर आपल्या हातात जे आहे ते करायचं. मी नव्याने लिहायला लागलेल्यांना सांगते की शूटच्या आधी एक साधं मेल करा, मैत्री कितीही घट्ट असली तरी, आणि त्यात लिहा की कथा-पटकथा-संवाद कुणाचे, पोस्टरवर नाव कुठे येणार, फेस्टिवलला पाठवताना लेखकाच्या रकान्यात कुणाचं नाव भरणार. फिल्मफ्रीवेवर डायरेक्टर, रायटर, प्रोड्युसर असे वेगळे रकाने असतात, तो रायटरचा रकाना भरलाय का ते स्वतः बघा. स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सभासदत्व घेतलं की स्क्रिप्ट ऑनलाइन रजिस्टर करता येते, त्यावर तारीख पडते. सरकारी कॉपीराइट ऑफिसात साहित्यकृती म्हणून नोंदवायची फी ५०० रुपये आहे. कायद्याने लिहिल्या क्षणी हक्क तुमचाच असतो, नोंदणी हा पुरावा. हे कुणावर अविश्वास म्हणून करायचं नसतं. आमच्या डायरेक्टरनेच मला आधी आठवण केली होती की तुझं रजिस्ट्रेशन झाल्याशिवाय मी कुणाला वाचायला देणार नाही.

सबटायटल्स पण मीच करते, आणि तेही लेखकानेच करावं असं मला वाटतं. बाहेरचा परीक्षक तुमची पटकथा म्हणजे खाली येणाऱ्या त्या दोन ओळीच वाचत असतो. एका ओळीत साधारण ४२ अक्षरं, दोन ओळींपेक्षा जास्त नाही, आणि माणूस वाचेपर्यंत ती टिकली पाहिजे. म्हणजे टेलरच्या हाताकडे बघायच्या वेळेला जर प्रेक्षक खाली वाचत बसला तर सीन गेला. मी दोन ठिकाणी संवादाचं सबटायटल अर्ध्यावर आणलं, केवळ डोळा वर राहावा म्हणून.

आता शिडीबद्दल. आपल्याकडे शॉर्टफिल्मची गोष्ट नेहमी शिडीची गोष्ट म्हणून सांगतात. नागराज मंजुळेंनी अहमदनगरच्या कॉलेजात शिकताना 'पिस्तुल्या' केली, तिला राष्ट्रीय पुरस्कार, मग 'फँड्री'. उमेश कुलकर्णींनी एफटीआयआय या पुण्यातल्या फिल्म स्कूलमध्ये 'गिरणी' केली, तिला राष्ट्रीय पुरस्कार, मग 'वळू'. हे सगळं खरं आहे आणि आमच्यासारख्यांना त्यातून फार बळ मिळतं. पण 'गिरणी' पुढे काय झालं म्हणून मोठी नाहीये. ती तेवढ्याच वेळात पूर्ण आहे. तिला पुढच्या सिनेमाचा नमुना म्हणून बघितलं की तिच्यावर अन्याय होतो. २०२४ मध्ये कानला विद्यार्थ्यांच्या ला सिनेफ विभागात पहिलं बक्षीस मिळालं ते मैसूरच्या चिदानंद नाईक यांच्या कन्नड शॉर्टफिल्मला, ते मूळचे डॉक्टर, एफटीआयआयचा एक वर्षाचा टीव्हीचा कोर्स करताना त्यांनी ती केली, सोळा मिनिटांची, लोककथेवरची. म्हातारी कोंबडा चोरते आणि गावात सूर्य उगवायचा थांबतो. ही गोष्ट सोळा मिनिटांचीच आहे, तिला दोन तास कशाला हवेत? मी लहानपणी आजीकडून ऐकलेल्या बऱ्याच गोष्टी अशाच होत्या, झोप लागायच्या आत संपणाऱ्या. मला अशाच गोष्टी सुचतात आणि यात मला कमीपणा वाटत नाही. फीचर कधी लिहिणार हे मला विचारतात, लिहीन, सुचलं तर.

ला सिनेफसाठी फिल्म स्कूलचा विद्यार्थी असणं लागतं, हे बाहेरून करणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. लॉ कॉलेज रोडवरच्या एफटीआयआयच्या गेटच्या आत असणं आणि बाहेर असणं यात फरक आहे. आत कॅमेरा, एडिट, शिक्षक, सगळं आहे, बाहेर आम्ही लग्नाचे शूट करणाऱ्या मित्राकडून लेन्स आणतो. पण त्याच रस्त्यावर फिल्म अर्काइव्हचं थिएटर आहे, आणि पुण्यात शॉर्टफिल्म बघायला जमणाऱ्या लोकांची परंपरा आहे. आरभाटच्या शॉर्टफिल्म क्लबमध्ये मी अशा अशा फिल्म्स बघितल्यात ज्या मला एरवी कुठे दिसल्याच नसत्या, आणि फिल्म झाल्यावर तिथेच बनवणाऱ्याला प्रश्न विचारता येतात. बाहेरच्यांची शाळा ती. घरी लॅपटॉपवर बघणं आणि अंधारात शंभर अनोळखी माणसांबरोबर बघणं यात काय फरक आहे हे लिहिणाऱ्याने एकदा अनुभवावंच, कुठे लोक हलतात, कुठे खोकतात, कुठे एकदम शांत होतात.

आमच्या फिल्मच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट अशाच एका छोट्या स्क्रीनिंगला घडली. एका जिल्ह्याच्या गावी स्थानिक मंडळाने ठेवलेला शॉर्टफिल्मचा दिवस होता, प्लास्टिकच्या खुर्च्या, प्रोजेक्टर जरा निळसर, बक्षीस दुसऱ्याच फिल्मला गेलं आणि ते योग्यच होतं, ती फिल्म फार चांगली होती. संपल्यावर एक काका उठले आणि विचारलं, "त्यानं दुरुस्तीचे पैसे घेतले का नाही पोरीकडून?" फिल्ममध्ये ते दाखवलेलंच नाही. मुलगी पिशवी घेऊन उभी राहते, पर्सची चेन उघडते, आणि आम्ही कट करतो. मी उत्तर द्यायच्या आत मागून एक बाई म्हणाल्या, घेतले असतील, नाही घेतले तर ती पोरगी परत त्या दुकानाची पायरी चढली नसती. त्यावर काका म्हणाले, अहो पण मयत माणसाचं कापड, त्याचे कसे घ्यायचे. मग सुरूच झालं, कुणी म्हणे अर्धे घेतले असतील, कुणी म्हणे आईने ॲडव्हान्स दिलेला असेल त्यात भागवलं असेल. एक कॉलेजची मुलगी म्हणाली की त्याने घेतले नसतील तर ती फिल्म मला आवडणार नाही. आयोजक घड्याळ बघत होते, पुढचा कार्यक्रम होता.

मी लिहिताना या प्रश्नावर किती दिवस घालवले होते ते फक्त मला आणि डायरेक्टरला माहिती. पर्सच्या चेनवर कट करायचा की पैसे दाखवायचे. आणि तिथे पंचवीस-तीस अनोळखी माणसं त्याच जागेवर येऊन थांबली, मी जिथे थांबले होते तिथे. त्यांनी माझी पटकथा वाचली. अवॉर्ड मिळालं का असं कुणी विचारलं की मला ही दुपार सांगावीशी वाटते, पण ती सांगायला वेळ लागतो, आणि लॉरेल एका नजरेत दिसतं. याचं दुःख आहे मला. मी पुरस्कारांच्या विरोधात नाहीये, मिफचा शंख मिळाला तर मी बार्शीत पेढे वाटेन. पण पुरस्कार म्हणजे या दुपारीचंच मोठं रूप असायला हवं, चार-पाच जाणती माणसं एका खोलीत बसून चेनवर भांडलीत आणि मग त्यांनी ठरवलंय, असं.

घरी वेगळीच अडचण आहे. आईला फिल्म व्हॉट्सअ‍ॅपवर सगळ्यांना पाठवायचीये, मामाला, आत्याला, बार्शीच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर. आणि मी तिला सांगतीये की आत्ता नाही, कारण बऱ्याच फेस्टिवलना आधी ऑनलाइन आलेली फिल्म चालत नाही, युट्युबवर टाकली की दारं बंद होतात, म्हणून दीड-दोन वर्षं ती पासवर्डच्या मागे ठेवतात. ती म्हणाली, "म्हणजे ज्यांच्यावर काढली त्यांनी सोडून सगळ्यांनी बघायची?" मी यावर खूप विचार केला. पैसे न घेता दुकान देणारे काका, डबे देणाऱ्या शेजारच्या काकू, नट, त्या रस्त्यावर हॉर्न न वाजवता थांबलेले रिक्षावाले दादा, कुणीच फिल्म अजून पाहिलेली नाही. लोकांनी हॉलमध्ये एकत्र बसून बघितली तर ती ऑनलाइन आली असं होत नाही, मग हे आधी का नाही करायचं?

तर डायरेक्टरशी बोलून आम्ही असं ठरवलंय. मोजक्या ठिकाणी पाठवायचं, वर ज्यांचं लिहिलं तसल्या, जिथे फी नाही किंवा परवडेल अशी आहे. महिन्याच्या महिन्याला निकाल लावणाऱ्यांना एक रुपया द्यायचा नाही, आणि पोस्टरवरून ती लॉरेलं काढायची, माझं बेस्ट स्क्रीनप्लेचं पण. तो यावर दोन दिवस गप्प होता, मग स्वतःच नवीन पोस्टर करून पाठवलं, त्यात ब्लाउजची उलटी बाजू आहे आणि खाली दोघांची नावं एकाच मापात. जे पैसे वाचतील त्यातून बार्शीत एक हॉल घ्यायचा, चांगला प्रोजेक्टर सोलापूरहून आणायचा, आणि आमच्याबरोबर अजून चार-पाच मराठी शॉर्टफिल्म्स दाखवायच्या, लेखकांना प्रवासखर्च देऊन बोलवायचं. डायरेक्टर आले तर आनंदच आहे, पण बोलावणं लेखकाला.

तारीख टेलरकाकांना विचारून ठरवतोय. दिवाळीच्या आधी त्यांना मान वर करायला फुरसत नसते आणि मग लगेच लग्नसराई, म्हणून डिसेंबरचा मधला एखादा सुट्टीचा वार बघा असं ते म्हणालेत. कुणाकडे पंधरा मिनिटांच्या आतली मराठी शॉर्टफिल्म असेल, आणि तिचा लेखक वेगळा असेल, तर मला कळवा. मी पूर्ण बघेन, आणि निवडली नाही तरी काय वाटलं ते लिहून पाठवेन.